एक ना धड, भाराभर चिंध्या! नोंदी कशा ठेवता?

सटरफटर:
नमस्कार मंडळी. मी पुण्यात एका पतसंस्थेत हिशेब बघते. हात आकड्यांत, डोकं भलतीकडेच.

ताजं उदाहरण सांगते. मे महिन्यात शून्य सावलीच्या दिवशी गच्चीत पाइपचा तुकडा ओळंब्यात उभा केला. सावली पार बुडाशी गेली तेव्हा वाजले होते १२:३१. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, सूर्य डोक्यावर बाराला येतो ना?" झालं, सुटला भुंगा. आपलं देशभरचं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं, पुणं ७३.८५ च्या आसपास. अंशाला चार मिनिटं, म्हणजे साधारण साडेचौतीस मिनिटं उशीर. त्यातून मे महिन्यात सूर्य तीन-चार मिनिटं पुढे पळतो, ती वजा. जमलं! मग कळलं की देशाची प्रमाणवेळ १९०६ साली आली तरी मुंबईने ३९ मिनिटं मागे चालणारी आपली वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. ते वाचता वाचता समोर आला एका वीरगळाचा, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेचा फोटो, माथ्यावर सूर्य-चंद्र कोरलेले. आता डोक्यात फक्त वीरगळ. मोडी शिकायला आणलेला बोरू टेबलावर वाळतोय.

विषयवार वह्या केल्या होत्या. प्रत्येकीची सुरुवातीची पानं भरलेली, बाकी कोरी करकरीत. तुम्ही काय करता?

नाना_पारावरचे:
एक विषय धरा आणि तड लावा. बाकी सगळा टाइमपास.

जमाखर्च:
नानांचं मनावर घेऊ नका, ते स्वतः इथे पंचांगापासून पंपदुरुस्तीपर्यंत सगळ्या धाग्यांवर असतात.
ताई, तुम्ही हिशेबातल्या, तरी थेट खतावणी, म्हणजे खातेवार वही लिहायला बसलात? आधी रोजकीर्द! एकच वही, तारीख टाकायची आणि जे सुचेल ते त्याच क्रमाने लिहायचं. पानांना नंबर द्या. शेवटची पानं सूचीसाठी राखा: "वीरगळ – १४, ३१, ५२". एखाद्या विषयापुढे नंबर वाढत गेले की त्याला वेगळी वही. मी आधी फोनमध्ये लिहायचो, पण तिथलं परत उघडून बघणं होत नाही. मागची पानं चाळताना जे सापडतं, ते शोधून सापडत नाही.

शिळाप्रेस:
वीरगळ खालून वर वाचा. तळाला लढाई किंवा पडलेला वीर, त्यावर अप्सरा त्याला स्वर्गात नेताहेत, वर तो शिवलिंगाची पूजा करतोय. सूर्य-चंद्र म्हणजे ते आहेत तोवर कीर्ती राहो. फोटो भर दुपारी काढू नका, कोरीवकाम सपाट दिसतं. सकाळचं तिरपं ऊन हवं. आणि खडू, पीठ काही फासू नका, दगड खराब होतो.

सटरफटर:
@जमाखर्च, काय बोललात! दिवसभर तेच करते आणि घरी सुचलं नाही. आजच वही घेतली.
@नाना, तड लागली की कळवते.
@शिळाप्रेस, सूर्य-चंद्र गधेगळावरही, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप देणाऱ्या दगडावरही असतात ना? म्हणजे तिथे कीर्तीऐवजी शापाची मुदत? अलिबागजवळच्या आक्षीचा बघायला जायचंय. कोण येतंय?