फिशरफील्डची पाच शिखरे एका दिवसात करणे कितपत शक्य आहे?

डोंगरवाट:
नमस्कार. जूनच्या उत्तरार्धात स्कॉटलंडच्या वायव्येकडील फिशरफील्डच्या डोंगरांत जाण्याचा आम्हा तिघांचा विचार आहे. आदल्या संध्याकाळी कोरी हॅली येथे गाडी ठेवून शेनावॉलच्या बॉथीवर (डोंगरातल्या साध्या, खुल्या निवाऱ्यावर) मुक्कामाला जायचे आणि दुसऱ्या दिवशी स्गूर बान, मुल्लाख कोरे व्हिक एराखर, बेन टार्सिन, अ व्हायजन व रुआ स्टाक मोर ही पाच मन्रो शिखरे (3000 फुटांहून उंच स्कॉटिश शिखरे) करून बॉथीवर परतायचे, असा बेत आहे. वाटेतले बेन अ ख्लाइव्ह धरून अंतर सुमारे 28 किलोमीटर आणि चढाई 2000 मीटरहून अधिक आहे. ताशी 5 किलोमीटर आणि दर 600 मीटर चढाईला एक तास जादा, या स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथच्या नियमाने साधारण नऊ तास येतात. या हिशेबावर विसंबावे का? आणि बेन अ ख्लाइव्ह गाळावे का?

रानवारा:
नऊ तासांवर विसंबू नये. नेस्मिथने 1892 मध्ये मांडलेल्या या नियमात विश्रांती धरलेली नाही, आणि दलदल किंवा घसाऱ्याची वाट तर मुळीच नाही. स्गूर बानवरील गारगोटीचा खडक ओला झाला की पाय ठरत नाही, आणि खिंडीतून मुल्लाखवर जाणारा चढ उभा व सुट्या दगडांचा आहे. बारा ते चौदा तास धरून चाला. त्या दिवसांत तिथे सूर्य सतरा तासांहून अधिक काळ क्षितिजावर असतो, त्यामुळे उजेडाची चिंता नाही.

खरी चिंता नद्यांची आहे. शेनावॉल आणि ही शिखरे यांच्यामध्ये स्ट्राथ ना शेलगाची नदी आहे, आणि परतताना तिच्याआधी ग्लेन ना मुइकचा प्रवाहही ओलांडावा लागतो. दोन्ही ठिकाणी पाण्यात उतरूनच पलीकडे जायचे असते. सकाळी घोट्याएवढे असलेले पाणी, डोंगरमाथ्यावर जोराचा पाऊस झाला तर, संध्याकाळी अंगावर येते. आणि त्या वेळी पाय थकलेले असतात, बॉथी समोर दिसत असते, त्यामुळे माणूस नको ते धाडस करतो. म्हणून हवामानाचा अंदाज पाहताना शिखरावर ढग असतील की नाही, यापेक्षा दिवसभरात पाऊस किती पडेल हे आधी पाहावे. नदीच्या डोंगराकडच्या काठावर अडकल्यास रात्र काढता येईल एवढे कपडे, बिव्ही बॅग (उघड्यावर झोपण्याची जलरोधक पिशवी) आणि खाणे पाठीवर असायलाच हवे. पाणी बरेचदा काही तासांत उतरते.

कडेकपारी:
बेन अ ख्लाइव्हबद्दल थोडेसे. मन्रोसाठी 3000 फूट, म्हणजे 914.4 मीटर उंची लागते. नव्या मोजणीत हे शिखर त्याहून अर्ध्या मीटरपेक्षाही कमी फरकाने, पण कमी भरले आणि 2012 मध्ये मन्रोंच्या यादीतून वगळले गेले. शेनावॉलहून निघणाऱ्याला मात्र तो स्गूर बानकडे जाणारा सरळ दांडा आहे. यादीसाठी नव्हे, वाटेसाठी ते करावे, असे माझे मत आहे.

डोंगरवाट:
आभारी आहे. मग माघारीचा निर्णय नेमका कुठे घ्यावा?

रानवारा:
बेन टार्सिन उतरल्यावर लागणाऱ्या दलदलीच्या खिंडीत. तिथून उत्तरेला ग्लेन ना मुइकमध्ये उतरून शेवटची दोन शिखरे सोडता येतात. पाऊस सुरू झाला असेल, किंवा तिघांपैकी एकाचीही चाल मंदावली असेल, तर तिथूनच उतरा. पुढे अ व्हायजन आणि रुआ स्टाक मोर यांच्यामधल्या खिंडीतून वायव्येला कार्नमोर या ठिकाणाकडेही वाट जाते. त्या बाजूने या नद्या टळतात खऱ्या, पण तुमचे सामान आणि गाडी डोंगराच्या दुसऱ्या अंगाला राहते. या भागात फोनच्या रेंजचा भरवसा धरू नये. 999 वर लघुसंदेश पाठवण्याच्या सेवेत आधीच नोंदणी करून ठेवावी, आणि परतीची वेळ व ठरवलेली वाट बाहेर कुणाला तरी लेखी देऊन जावे.