दोन वेळा ब्रश करूनही तासाभरात तोंडाला वास का येतो?

कोराकागद:
दिवसातून दोनदा ब्रश, सकाळी माउथवॉश, दातांना कीड नाही. तरी तास-दीड तासात तोंडाला पुन्हा वास. घरच्यांचं ठाम मत, पोट साफ नाही म्हणून. जिभेच्या मागच्या भागावर पांढरट-पिवळट थर असतो, पण तिथे घासायला गेलं की उमळून येतं. वास पोटातून येतो का? माउथवॉश बदलावं का? आणि आपल्या तोंडाला वास येतोय हे स्वतःला कसं कळावं?

लाळग्रंथी:
पोटाला आधी सोडून द्या. अन्ननलिका एरवी मिटलेली असते, गिळताना आणि ढेकर येताना तेवढी उघडते. त्यामुळे पोटातली हवा श्वासात सतत मिसळत नाही. जळजळ, आंबट ढेकर असा पित्ताचा जुनाट त्रास असेल तर गोष्ट वेगळी, पण बहुतेक वेळा वासाचा उगम तोंडातच असतो.

जिभेचा मागचा भाग खडबडीत असतो. त्या खाचांमध्ये अन्नाचे कण, गळून पडलेल्या पेशी आणि नाकातून घशात उतरणारा चिकट स्राव साठतो. थराच्या तळाशी प्राणवायू पोचत नाही, आणि नेमके तिथेच प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू प्रथिनं कुजवतात. त्यातून गंधकाचे वायू सुटतात : हायड्रोजन सल्फाइड (सडक्या अंड्याचा वास) आणि मिथाइल मरकॅप्टन. तुमचा ब्रश दातांवर फिरतो, कारखाना मागे चालूच राहतो.

जीभ घासणीने घासायचं असं. सकाळी उपाशीपोटी, म्हणजे उमळलं तरी फारसं बिघडत नाही. जीभ पूर्ण बाहेर काढा आणि तोंडाने श्वास सोडत सोडत घासा, श्वास बाहेर जात असताना उमासा कमी येतो. पहिले दोन दिवस जिभेच्या मध्यापासून सुरुवात करा, मग रोज थोडं मागे सरका. दाब हलका. मागून पुढे पाच-सहा वेळा, दर वेळी घासणी धुऊन. अगदी मागे इंग्रजी व्ही आकारात मोठे उंचवटे दिसतात, ते सगळ्यांनाच असतात. त्यांना आजार समजून खरवडू नका. रक्त येईपर्यंत घासणाऱ्यांची जीभ सोलवटते आणि वास तसाच राहतो.

फटीतला_धागा:
जिभेइतकीच महत्त्वाची जागा म्हणजे दोन दातांमधली फट. ब्रशचे केस तिथे शिरत नाहीत. सुमारे 45 सेंमी फ्लॉस (फटी साफ करायचा धागा) घ्या, दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळा, मध्ये दोन-तीन सेंमी मोकळा ठेवा. करवतीसारखा हलवत आत न्या, खटकन दाबू नका, हिरडी कापली जाते. आत गेला की एका दाताला सी आकारात लपेटून हिरडीच्या कडेखाली अलगद उतरवा, चार-पाच वेळा वर-खाली, मग शेजारच्या दाताला तसंच. पुढच्या फटीला धाग्याचा नवा भाग. फटी मोठ्या असतील तर फ्लॉसपेक्षा इंटरडेंटल ब्रश (फटीत घालायचा बारीक ब्रश) चांगला.

वास ओळखण्याबद्दल : तळहातावर फुंकर मारून काही कळत नाही, आणि स्वतःच्या वासाला नाक सरावलेलं असतं. मनगट चाटून ते वाळल्यावर हुंगायची युक्ती सगळीकडे सांगतात, पण जिभेचं टोक तोंडातल्या सर्वांत स्वच्छ जागांपैकी एक. त्यापेक्षा चमच्याने जिभेच्या मागचा थर काढून हुंगा. दाढांमधून काढलेला फ्लॉसही हुंगा. ज्या फटीतला धागा नासका लागतो तिथली हिरडी संशयित. सर्वांत खात्रीचा उपाय मात्र दुसऱ्या माणसाचं नाक.

कोराकागद:
फ्लॉस करून पाहिला. खालच्या उजव्या दाढांमधून वासही आला आणि रक्तही. बंद करू का?

फटीतला_धागा:
बंद करायचं नाही. हिरडी सुजलेली आहे म्हणून रक्त येतं. नीट केलं तर साधी सूज आठवड्या-दोन आठवड्यांत उतरते. तरीही रक्त येत राहिलं तर दातांच्या डॉक्टरांकडून दात आणि हिरडी यांमधल्या खाचेची खोली मोजून घ्या. 1 ते 3 मिमी ठीक. 4 मिमी किंवा जास्त असेल तर आतलं कीट घरी निघत नाही, स्केलिंग (डॉक्टरांनी अवजारांनी कीट काढणं) लागतं. तिथे माउथवॉश ओतणं म्हणजे पैसे चुळीत घालवणं.

चूळभर:
माउथवॉश बदलून मूळ कारण जात नाही, तरी निवड करायचीच तर जस्ताचे (झिंकचे) क्षार असलेलं घ्या. जस्त गंधकाच्या वायूंना बांधून ठेवतं. क्लोरहेक्सिडीन (जंतुनाशक) 0.2 टक्के असलेलं माउथवॉश प्रभावी आहे : 10 मिली, अर्धा ते एक मिनिट, दिवसातून दोनदा. पण दात-जिभेवर तपकिरी डाग पडतात, चव बदलते, म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय दोन आठवड्यांपुढे नको. ब्रशनंतर लगेच तर नकोच. टूथपेस्टमधल्या फेस करणाऱ्या घटकामुळे त्याचा जोर कमी होतो, मध्ये अर्धा तास जाऊ द्या. आणि मान मागे टाकून गुळण्या करा. नुसतं गालात खळखळवलं तर जिभेच्या मागे थेंबही जात नाही.

मद्यार्क असलेली माउथवॉशं तोंड कोरडं असणाऱ्यांनी टाळावीत. लाळ हीच तोंडाची रोजची झाडलोट. झोपेत ती कमी होते म्हणून सकाळचा वास, तो सगळ्यांनाच येतो. ॲलर्जीच्या आणि नैराश्याच्या बऱ्याच गोळ्यांनी लाळ आटते. गोळ्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. तोवर घोट घोट पाणी आणि बिनसाखरेचं च्युइंगगम.

लाळग्रंथी:
एक तपासणी राहिली. ओठ मिटून फक्त नाकाने श्वास सोडा आणि कुणाला तरी हुंगायला सांगा; मग नाक चिमटीत धरून तोंडाने. नाकातूनच वास येत असेल तर सायनस किंवा नाक बघायला हवं. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल तर आत मणी किंवा स्पंज अडकलाय का ते कान-नाक-घसा डॉक्टरांकडून बघून घ्या. पांढरे, चुरगळल्यावर भयंकर वास येणारे कण थुंकीत पडत असतील तर ते टॉन्सिलचे खडे, टोकदार वस्तूने उकरायचे नाहीत, जोरात गुळण्या करा.

लसणाचा वास वेगळा. त्यातला एक वायू रक्तात मिसळून फुप्फुसांतून बाहेर येतो, तिथे ब्रश काय करणार!

डॉक्टरांकडे वासाची तक्रार घेऊन जाताना त्या दिवशी माउथवॉश, च्युइंगगम, अत्तर काही नको. बरेच जण उलट चकाचक तोंडाने जातात. तपासणारा बहुधा स्वतःच्या नाकानेच वास घेऊन 0 ते 5 असा आकडा देतो, आणि घासूनपुसून गेलात तर त्याच्या हाती शून्यच लागेल.