मदत हवी आहे : ऑपरेशननंतर आईच्या हाताला सूज, हलका मसाज नेमका कसा करायचा?

बोरीकाठ

नमस्कार मंडळी. लांबलचक होणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला तरी काय देणार, म्हणून लिहिते.

आई अमळनेरजवळच्या खेड्यात भाऊ-वहिनीकडे असते, मी जळगावला. मागच्या वर्षी तिचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, उजव्या बाजूचं. काखेतल्या गाठीही काढल्या. मग केमो, मग लाइट (रेडिएशन). आजाराच्या बाजूने आता सगळं बरं आहे, तपासण्या चांगल्या येतात. पण दिवाळीनंतर उजवा हात सुजायला लागला. कोणाच्या लक्षातच आलं नाही. संक्रांतीला कासारीण आली तेव्हा डाव्या हातात सव्वादोनच्या बांगड्या सहज गेल्या आणि उजव्यात अडीचच्याही चढेनात. मग नीट बघितलं तर पोलक्याची बाही दंडात रुतलेली, मनगटाचं हाड दिसेनासं झालेलं. बोटाने दाबलं की खळगा पडतो आणि सावकाश भरतो. दुखत फारसं नाही. "मना हात मालेच जड लागस," एवढंच म्हणते.

डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तपासलं, डॉपलर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) करून गुठळी नाही हे पाहिलं, "लिम्फेडीमा आहे, हलका मसाज करा, व्यायाम करा, स्लीव्ह (हातावर घट्ट बसणारी दाबाची बाही) घाला" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक गेली. हलका म्हणजे किती, कुठून कुठे, किती वेळ, काही नाही. कागदावरही तेवढंच.

घरात मतं भरपूर. काकू म्हणतात, तिळाचं तेल कोमट करून बोटांपासून खांद्यापर्यंत दणकून चोळा, पाणी उतरतं. मेडिकलवाल्याने लघवीची गोळी दिली होती, ती डॉक्टरांना विचारून बंद केली. आणि शेजारच्या एकीने "हत्तीपाय हाताला झालाय, लागट असतो" असं सांगून नातवंडांना आईच्या अंथरुणात झोपू देऊ नका म्हटलं. हे आईला फार लागलंय.

आता मुद्द्याचं. मसाजची दिशा आणि जोर कोणी समजावून सांगेल का? आखाजी (अक्षय्य तृतीया) होऊन गेली, आमच्याकडे ऊन किती असतं ते तुम्हाला माहीत आहे, स्लीव्ह चढवली की दंडभर घामोळं. बिबडे-पापडाचे दिवस आहेत, तिला गप्प बसवत नाही. काय करू द्यायचं, काय नाही?

आणि एक अडचण लिहायला जड जातंय. व्हिडिओंमध्ये मसाज मानेपासून आणि छातीपासून सुरू होतो. वहिनी करायला तयार आहे, मनापासून. पण आई सुनेसमोर पदर बाजूला करायला तयार नाही. ऑपरेशनची जागा तिने मलाही अजून धड बघू दिलेली नाही.

खापरावरचे_मांडे

काळजी घ्या ताई. आधी एक सांगा : हात लाल आहे का, गरम लागतो का, ताप-थंडी? तसं असेल तर धागा बाजूला ठेवा आणि आजच दवाखाना गाठा.

बोरीकाठ

नाही, लाल नाही, ताप नाही. त्वचा फक्त ताणल्यासारखी दिसते.

सातपुडा_फिजिओ

मी फिजिओथेरपिस्ट आहे, कॅन्सरच्या पेशंटसोबत काम करते. डॉक्टरांनी गुठळी नाही हे पाहिलंय ते उत्तम. हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर मात्र मसाजआधी त्यांना परत विचारा.

आधी शेजारणीचं. हत्तीरोगात डासामार्फत शिरलेले कृमी लसीकावाहिन्या (पेशींभोवतीचं जास्तीचं पाणी, म्हणजे लसीका किंवा लिम्फ, वाहून नेणाऱ्या नळ्या) बिघडवतात. तुमच्या आईच्या काखेतल्या ग्रंथी काढल्यात आणि वर लाइटने उरलेली वाट आकसली आहे. सूज दिसायला सारखी, कारण वेगळं. हा लागट नाही, नातवंडांना खुशाल कुशीत घेऊ दे. आणि खरं तर हत्तीरोगाचा पेशंटसुद्धा पांघरुणातून कोणाला काही देत नाही.

आता हलका का, ते. रक्ताला ढकलायला हृदय आहे, लसीकेला तसा पंप नाही. वाहिन्यांच्या भिंती स्वतः थोड्या आकसतात, आत एकाच दिशेला उघडणाऱ्या झडपा असतात. बाकी काम स्नायूंच्या हालचालीने आणि श्वासाने होतं. दिवसाला साधारण दोन ते चार लिटर लसीका अशी सरकत गळ्याच्या हाडामागे परत रक्तात मिसळते. आणि तिच्या सुरुवातीच्या केशवाहिन्या त्वचेच्या अगदी लगत असतात. जोराने चोळलं की त्या दबतात, वर त्या जागी रक्त वाढतं आणि सूज उलट वाढू शकते. म्हणून काकूंना नमस्कार सांगा आणि तेलाची वाटी लांब ठेवा. मसाजला तेल नकोच, बोटं घसरतात. इथे त्वचा चोळायची नसते, ताणून सोडायची असते.

दुसरी गोष्ट, बोटांपासून सुरुवात करायची नाही. पुढचा रस्ता तुंबलेला असताना मागून ढकलून उपयोग काय? आधी वरचं मोकळं करायचं. म्हणून :

पाठीला टेकून बसवा. हात पोटावर ठेवून नाकाने सावकाश श्वास, पोट फुगेल असा, आणि तोंडाने त्याहून सावकाश बाहेर. पाच-सहा वेळा. छाती आणि पोटामधला पडदा खाली गेला की पोटातला दाब वाढतो, छातीतला कमी होतो आणि लसीका वर ओढली जाते. हे सोपं म्हणून लोक टाळतात. टाळू नका.

मग गळ्याच्या हाडाच्या वरचे दोन्ही खळगे. बोटं सपाट ठेवून त्वचा हलकेच खाली-आत ताणा, क्षणभर थांबा, सोडा. प्रत्येक जागी सात-आठ वेळा. मानेच्या बाजूला जोर नको. थायरॉइड वाढलेलं असेल किंवा मानेतल्या रक्तवाहिनीचा त्रास असेल तर मान सोडूनच द्या. मग डावी काख, म्हणजे चांगल्या बाजूची. मग उजव्या जांघेचा सांधा. या दोन पर्यायी वाटा. आता छातीवरून उजवीकडून डावीकडे त्वचा सरकवत न्या, आणि उजव्या कुशीतून खाली जांघेकडे. त्यानंतर दंड : आतल्या बाजूकडून बाहेर, मग वर खांद्याकडे. मग कोपर, मग मनगटापासून कोपरापर्यंत, शेवटी पंजा आणि बोटं. आणि तिथून सगळं परत वरपर्यंत. वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. लाइट दिलेली जागा नाजूक किंवा कडक असेल तर तिच्यावर हात नको.

ही पद्धत एमिल आणि एस्ट्रिड वोडर या डॅनिश जोडप्याने १९३०च्या दशकात बसवली. पण एकटा मसाज सूज आटोक्यात ठेवत नाही, हे स्पष्ट सांगते. २०१५च्या कॉक्रन आढाव्यातही (अनेक चाचण्या एकत्र तपासणारा अभ्यास) हेच दिसतं : मसाज सुरक्षित आहे, पट्ट्यांच्या जोडीला थोडा जास्तीचा फायदा देऊ शकतो, आणि तोही मुख्यतः सूज कमी किंवा मध्यम असताना. खरं वजन दाबाचं आहे. सुरुवातीला कमी ताणाच्या खास पट्ट्यांचे थर, सूज उतरली की मापाची स्लीव्ह. पट्ट्या शिकलेल्या माणसाकडूनच बांधून घ्या. घरात पडलेलं क्रेप बँडेज आवळू नका.

लघवीच्या गोळीचं बरं केलंत. या सुजेत पाण्याबरोबर प्रथिनं अडकलेली असतात. गोळीने पाणी जातं, प्रथिनं तिथेच राहतात आणि पाणी परत ओढतात.

तिखट_शेव

एवढ्या हलक्या हाताने काय होणार? आमच्या आजीचे पाय चोळून चोळूनच बरे झाले. वाघूरच्या पाण्यात उभं राहून.

सातपुडा_फिजिओ

@तिखट_शेव, आजीच्या काखेतल्या ग्रंथी काढल्या होत्या का?

तिखट_शेव

नाही ओ. बरं, माघार.

शहाद्याची_सून

ताई, मी स्वतः यातून गेले आहे, माझा डावा हात. हलक्या हाताचं म्हणाल तर ओलं बिबडं थापताना हात कसा ठेवतो, दाबलं तर फाटेल, उचलला तर पसरणार नाही, तेवढाच. मला हे शिकवणाऱ्या बाईंनी माझ्या कपाळावर करून दाखवलं तेव्हा कळलं. आधी वाटलं होतं ही नुसती हात फिरवतेय, पैसे कशाचे घेते!

पदराचं मी सांगते, कारण मलाही तेच झालं होतं. माझ्या सासूबाई प्रेमळच होत्या, पण त्यांच्यासमोर मला नको वाटायचं. शेवटी मी स्वतःच शिकले. दुसऱ्या हाताने गळा, छाती, काख, कुशी, जांघ सगळं होतं, आणि पोलक्याच्या आतून, दार लोटून होतं. फक्त दंडाची मागची बाजू आणि पाठ पोचत नाही. तेवढी सून करेल, त्याला पदर हलवावा लागत नाही. तुम्ही आईला "दाखव" म्हणू नका. आरशासमोर एकटीला बसू द्या. पण एक सांगा तिला, त्या जागी कातडी लाल, कडक किंवा नवी गाठ लागली तर लाजेपायी लपवायचं नाही, डॉक्टरला सांगायचं.

उन्हाचं : उष्णतेने सूज वाढते, हे खरंच आहे, मला मे महिन्यात बोटंही वाकत नाहीत. मी स्लीव्ह पहाटे चढवते, रात्री काढते. दोन जोड्या आहेत, एक अंगावर, एक धुवून सावलीत वाळत. दुपारी स्लीव्हवरूनच पाण्याचा फवारा मारते, ती अंगावर वाळेपर्यंत गार वाटतं. तुमच्या आईचा पंजाही सुजलाय म्हणता, तर नुसती बाही घेऊ नका, पंजाचा मोजा जोडीला हवा. नाहीतर सगळं बोटांत उतरतं.

बोरीकाठ

फवाऱ्याचं आजच सांगते वहिनीला. आणि दार लोटण्याचं आईला. कामाचं काय हो? तिला पापड लाटू द्यायचे का? कापूस वेचायला जायची, ते तर आता बंदच आहे.

सातपुडा_फिजिओ

काम बंद करू नका. पूर्वी या हाताने काही उचलायचं नाही असं सांगायचे. २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक चाचणी आली, अशाच सूज असलेल्या बायकांनी देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत व्यायाम केला. सूज वाढली नाही आणि त्रास उफाळण्याचं प्रमाण कमी झालं. देखरेख आणि हळूहळू, हे दोन शब्द विसरू नका. स्लीव्ह घालून पापड लाटू दे, थोडे लाटले की हात उशीवर टेकवून आराम, मग परत. दिवसभराची रास एकदम नको. हात जड झाला, ठणकला की थांबायचं.

रोजची हालचाल अशी : स्लीव्ह घालून खांदे सावकाश मागे फिरवणं, हात डोक्याच्या उंचीला धरून मूठ मिटणं-उघडणं, कोपर वाकवणं, भिंतीवर बोटांनी वर चढत जाणं. घाईने नाही, मध्ये श्वास घेत. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं. त्यासाठी अंगणातली सावली पुरते.

कापसाचं मात्र जपा. वेचताना बोंडाची टोकं नखाच्या कडेला टोचतात, त्यातून जंतू शिरला की या हाताला सेल्युलायटिस (त्वचेखालचा जंतुसंसर्ग) लवकर होतो. चुलीजवळ भाजणं, विळीचं कापणं, तेच. शेतात आणि भांडी घासताना हातमोजा. रोज साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. काकूंच्या तेलाला इथे जागा आहे : रात्री स्लीव्ह काढल्यावर खोबरेल तेल, नुसतं पुसल्यासारखं, त्वचा फाटू नये म्हणून. लाली, गरमपणा, ताप आला तर मसाज आणि स्लीव्ह दोन्ही बंद, त्याच दिवशी डॉक्टर. उद्यावर ढकलायचं नाही.

आणि हे सगळं वाचून शिकण्यापेक्षा एकदा तरी प्रत्यक्ष दाखवून घ्या. जवळच्या मेडिकल कॉलेजच्या फिजिओथेरपी विभागात "लिम्फेडीमाचं काम कोण करतं" असं नेमकं विचारा, सगळेच करत नाहीत. फेरतपासणीला मुंबईला टाटात जात असाल तर तिथल्या फिजिओथेरपीत त्याच दिवशी विचारून घ्या. वहिनीला सोबत न्या, मोबाइलवर व्हिडिओ काढा.

बोरीकाठ

फेरतपासणी पुढच्या महिन्यात आहेच, वहिनीचंही तिकीट काढते. काकूंना खोबरेल तेलाचं खातं दिलंय, खूश आहेत. आईने पोटाचा श्वास फोनवर माझ्यासोबत केला, म्हणाली "हे ते कीर्तनात बसूनबी व्हई."

एकच राहिलं. स्लीव्हचं माप दुकानात घेतात तेच धरायचं का? आणि फरक पडतोय हे घरी कळणार कसं?

शहाद्याची_सून

शिंप्याची टेप घ्या. पंजा, मनगट, मनगटापासून दर दहा सेंटीमीटरवर एक खूण, थेट दंडापर्यंत. दोन्ही हात मोजायचे आणि वहीत लिहायचे, आठवड्यातून एकदा, एकाच वेळी, एकाच माणसाने. टेप आवळायची नाही. दोन्ही हातांत दोन सेंटीमीटरहून जास्त फरक राहिला किंवा वाढत गेला तर वही घेऊन डॉक्टरांकडे. आणि स्लीव्हचं माप पट्ट्यांनी सूज उतरवून झाल्यावर द्या, तेही सकाळी. जळगावला दुपारच्या गाडीने उन्हातून जाऊन माप दिलंत तर सुजलेल्या हाताचं माप जाईल आणि स्लीव्ह आठवडाभरात ढिली पडेल.

सातपुडा_फिजिओ

+१. आणि चार-सहा महिन्यांनी स्लीव्हचा ताण गेला की नवीन घ्या, जुनी दिसायला चांगली असली तरी.