मदत हवी आहे: 'धुरके'सारखे शब्द अहिराणीत आहेत का?

नमस्कार मंडळी. नववी-दहावीच्या मुलांसाठी इंग्रजीतल्या मिश्रशब्दांचं एक पानी टिपण जळगावात तयार होतंय. त्यात मराठी आणि अहिराणी उदाहरणं घालायची आहेत.

मिश्रशब्द म्हणजे पहिल्या शब्दाचं डोकं आणि दुसऱ्याचं शेपूट. 'ब्रेकफास्ट'चा 'ब्र' आणि 'लंच'मधला 'अंच' मिळून 'ब्रंच'. हा १८९५ पासून वापरात आहे. 'मोटेल' १९२५ चा. मोटर आणि हॉटेल, दोन्हींत 'ट' असल्याने सांधा दिसतच नाही, आणि असे शब्द चटकन रुळतात. 'हँग्री'चं उलट होतं: भुकेने चिडलेला हा अर्थ माहीत नसेल तर मुलांना ते 'हंग्री'चं चुकलेलं स्पेलिंग वाटतं. बोलण्यात, मेसेजमध्ये चालतो. अर्जात, निबंधात नको.

मराठीत 'स्मॉग'साठी धूर आणि धुके यांचं 'धुरके' झालं. किती चपखल शब्द आहे!

कृपया 'भरीत-पुरी' सुचवू नका, त्यात दोन्ही शब्द अख्खे आहेत, तो समास. 'सूर्योदय' हा संधी, कारण तिथे फक्त स्वर मिसळतात. 'उमवि' (उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ) ही नुसती आद्याक्षरं. निदान एक शब्द कापला गेलेला हवा, आणि दोन्हींचा अर्थ उरलेला.

धुळे, नंदुरबार, चाळीसगाव, अमळनेरकडे बोलण्यात असा एखादा शब्द आहे का? असल्यास तो ज्या वाक्यात ऐकला ते पूर्ण अहिराणी वाक्य आणि तालुका लिहा. नुसत्या शब्दावरून तो कुठे कापला, हे ठरवता येत नाही.