बाबांचा खांदा धरलाय, पेसमेकर आहे, मशीनचा शेक चालतो का?

परभणीचा_शेतकरी:
नमस्कार मंडळी, बाबा 67 वर्षांचे, शुगर आहे. मागच्या वर्षी संभाजीनगरला डाव्या बाजूला पेसमेकर बसवला, तेव्हापासून हात जपता जपता खांदाच धरलाय, सदऱ्याची बाही घालायला पण आई लागते. तालुक्याला एका ठिकाणी नेलं तर काही न विचारता मशीनचा 10 दिवस शेक सांगितला, अन् गावात सगळे म्हणायलेत चोळून घ्या, एका झटक्यात मोकळा होतो. कापूस वेचणी चालू आहे, सारखं शहरात नेणं होईना, काय करावं?

लातूरची_फिजिओ:
दादा, आधी शेक थांबवा आणि मशीन कोणती ते विचारा. शॉर्टवेव्ह डायथर्मी, म्हणजे लहरींनी आतून शेक देणारी मशीन असेल तर पेसमेकरवाल्याला अजिबात नाही. त्याच्या 27.12 मेगाहर्ट्झच्या लहरींनी पेसमेकरचं काम बिघडू शकतं, वरून हृदयात गेलेल्या वायरचं टोक तापून तिथं आतून भाजू शकतं. मुंग्या आणणारं करंटचं मशीन पण हार्टच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. अन् गावात चोळून खांद्याला झटका देणं तर नकोच नको.
पेसमेकर बसवल्यावर साधारण 4 ते 6 आठवडे हात खांद्याच्या वर न्यायचा नसतो, पण लोक भीतीने वर्षवर्ष हलवतच नाहीत, त्यात शुगरवाल्यांचा खांदा तसाही जास्त जखडतो. डॉक्टर हो म्हणाले की हात लोंबता सोडून हळू झुलवणं, भिंतीवर बोटं चढवणं घरीच होतं, रोज शहरात यायची गरज नाही.

बीडचा_भाचा:
चोळण्याचं म्हणाल तर माझे मामा उसाच्या ट्रॅक्टरवरून पडले, छाती दुखायली म्हणून गावातच चोळून घेतली, रात्रभर उशीला टेकून बसले, आडवं होता येईना, सकाळी एक्सरेत दोन बरगड्या मोडलेल्या. आणि डावा खांदा चालताना दुखत असेल, घाम फुटत असेल, धाप लागत असेल तर आधी ईसीजी काढा, बाकी सगळं नंतर.

परभणीचा_शेतकरी:
ताई, पेसमेकर बसवला तेव्हा मिळालेलं त्याच्या माहितीचं कार्ड सापडलं, सातबाऱ्याच्या पिशवीत होतं. पण आत्ता कळलं की शेकाचे दोन दिवस झालेत, बाबा बोललेच नव्हते. तसं काही त्रास नाही म्हणतेत.

लातूरची_फिजिओ:
त्रास नसला तरी उद्याच हार्टच्या डॉक्टरांना फोन करा, शेक घेतल्याचं सांगा आणि पेसमेकर तपासून घ्या. चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली तर उद्याची वाट बघू नका, 108 ला फोन लावा. कार्ड बाबांच्या खिशातच राहू द्या.