प्रतिसाद: गेजपेक्षा व्हॉल्व्ह कुठे बसवलाय ते बघा

वर म्हटलंय की कॉम्प्रेशन टेस्टरवर (स्पार्क प्लगच्या जागी लावून सिलिंडरमधला दाब मोजायचं साधन) रीडिंग कमी आलं तर त्याचं गेज भिकार समजावं. गेज खराब असू शकतं, पण छोट्या इंजिनात खरा घोळ बहुतेक वेळा प्लगपासून गेजपर्यंत जाणाऱ्या पाइपचा असतो. १०० सीसी, ९:१ कॉम्प्रेशन रेशोच्या (हवा किती पट दाबली जाते ते प्रमाण) इंजिनात पिस्टन वर असताना जेमतेम १२ सीसी जागा उरते. एक फूट लांब, ५ मिमी आतल्या व्यासाच्या पाइपमध्येच सुमारे ६ सीसी हवा मावते. आलेला दाब परत जाऊ न देणारा एकतर्फी व्हॉल्व्ह गेजजवळ असेल तर ही सगळी जागा सिलिंडरमध्ये धरली जाते आणि ९:१ चं साडेसहाच्या आसपास होतं. माझ्या गाडीत असंच १०० पीएसआय दिसलं, पिस्टनच्या रिंगा बदलायची तयारी झाली होती. प्लगच्या आट्यातच व्हॉल्व्ह असलेल्या टेस्टरवर तेच इंजिन १५० दाखवू लागलं.

म्हणून टेस्टर घेताना अडॅप्टरचं (प्लगच्या भोकात फिरवून बसतो तो भाग) टोक डोळ्यासमोर धरा, आत व्हॉल्व्हची बारीक पिन दिसली पाहिजे. तो व्हॉल्व्ह खराब झाला तर टायरच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह मात्र बसवू नका, त्याची स्प्रिंग कडक असते, रीडिंग पुन्हा कमीच येतं. आणि किक मारताना थ्रॉटल पूर्ण उघडा.