साइड इफेक्ट चांगला निघाला, तर तो 'दुष्परिणाम' कसा?

अनुवादिनी (नौपाडा)
औषध-चाचणीच्या संमतिपत्रकाचं मराठी करते आहे. मुळात असा मजकूर आहे: मिनॉक्सिडिल ही रक्तदाबावरची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले, हा तिचा साइड इफेक्ट. पुढे तोच गुण धरून टकलावर लावायचं द्रावण निघालं. सवयीने 'दुष्परिणाम' लिहून मोकळी झाले. पण अशा पत्रकाचं मराठीवरून पुन्हा इंग्रजी करून ताडून बघतात. त्या दुसऱ्या भाषांतरकाराने 'वाईट परिणाम' केलं आणि शेरा आला की मुळात 'वाईट' कुठे आहे? शेरा रास्त आहे. टक्कल पडलेल्याला केस आले तर त्यात 'दु:' काय? 'सहपरिणाम', 'अनुषंगिक परिणाम', 'इतर परिणाम' यांपैकी काय घ्यावं? वाचणारा कळव्याचा रिक्षावाला असू शकतो, हे धरून सांगा.

शब्दवेल्हाळ
'पार्श्वपरिणाम'. सरळ, नेमका, संस्कृतोद्भव. पार्श्व म्हणजे बाजू.

खलबत्ता (वाशी)
पार्श्वपरिणाम मूळव्याधीच्या मलमाच्या पत्रकावर शोभेल. 'पार्श्व' म्हटलं की सर्वसामान्य माणसाला पुढे 'भाग' आठवतो, तुमच्या व्युत्पत्तीला कोण विचारतं?

आता कामाचं. औषधाच्या दुकानात गिऱ्हाईक 'दुष्परिणाम' म्हणत नाही. त्याच्याकडे तीन शब्द आहेत आणि तिन्ही वेगळे आहेत. 'गोळी मानवत नाही' म्हणजे पोट ढवळतं, जुलाब होतात. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनची नेहमीची तक्रार हीच. उपाशीपोटी घेतली किंवा पहिल्याच दिवसापासून मोठी मात्रा दिली की हमखास. म्हणून डॉक्टर ५०० मिग्रॅपासून सुरुवात करून आठवड्या-आठवड्याने वाढवतात, जेवणाबरोबर घ्यायला सांगतात, तरी नाही जमलं तर हळूहळू विरघळणारी गोळी देतात. 'उष्ण पडते' म्हणजे तोंड येणं, छातीत जळजळ, लघवीला आग. आणि 'गोळी बाधली' म्हणजे पुरळ, सूज, काहीतरी बिनसलं. तिथे गोळी थांबवून आधी डॉक्टरांना विचारायचं. हे तिन्ही एका 'दुष्परिणामा'त कोंबलं की कुठलं सोसायचं आणि कुठलं नाही, हे वाचणाऱ्याला कळणार कसं?

खारघरकर
सहमत, पण संमतिपत्रकात 'बाधली' लिहून चालत नाही, कारण त्यात कारण ठरवून टाकलेलं असतं. चाचणीच्या भाषेत तीन पायऱ्या आहेत. ॲडव्हर्स इव्हेंट म्हणजे औषध चालू असताना घडलेली कुठलीही अनिष्ट गोष्ट. औषधाशी संबंध असो-नसो. तीनहात नाक्यावर स्कूटर घसरून हाड मोडलं तरी ती नोंदवायची. ॲडव्हर्स रिॲक्शन म्हणजे जिथे औषधाचा संबंध संभवतो ती. आणि साइड इफेक्ट हा सैल, बोलण्यातला शब्द. तो बरा-वाईट दोन्ही असू शकतो. तिन्हींना 'दुष्परिणाम' लावलं की मोडलेलं हाडही औषधाच्या नावावर जातं. मी अनुक्रमे 'अनिष्ट घटना', 'अनिष्ट प्रतिक्रिया' आणि 'इतर परिणाम' असं ठेवतो.

याहून मोठी चूक म्हणजे सीरियस आणि सिव्हिअर या दोहोंना 'गंभीर'. सिव्हिअर डोकेदुखी म्हणजे 'तीव्र' डोकेदुखी. ती घरी बसून सोसलेली असू शकते. सीरियस म्हणजे मृत्यू, जिवाला धोका, रुग्णालयात भरती, कायमचं अपंगत्व, जन्मजात व्यंग. २०१९च्या नव्या औषधे व चिकित्सा-चाचणी नियमांप्रमाणे अशी घटना २४ तासांत कळवावी लागते. 'गंभीर' फक्त इथे वापरा.

शब्दवेल्हाळ
'इतर परिणाम' फार सपक आहे हो. 'इतर' म्हणजे किराणा यादीतलं शेवटचं खातं. आणि 'दुष्परिणाम' निदान आपला तरी आहे. हल्ली पत्रकांवर 'दुष्प्रभाव' दिसतो, तो सरळ हिंदीतून उचललेला. मराठीत प्रभाव माणसाचा पडतो, गोळीचा परिणाम होतो.

अवांतर: 'परिणाम' म्हणजे मुळात रूप पालटणं, पिकणं. दुधाचं दही होतं तो परिणाम. आयुर्वेदात अन्न पचताना दुखतं त्याला 'परिणामशूल' म्हणतात. म्हणजे परिणाम हा स्वतः चांगलाही नाही, वाईटही नाही.

खलबत्ता (वाशी)
दही झालं की नासलं, हे कढी करायची होती की बासुंदी यावर ठरतं. औषधाचं तेच.

ॲस्पिरिन घ्या. रक्तातल्या चपट्या पेशी, म्हणजे प्लेटलेट, तिने एकदा निकामी केल्या की त्या मरेपर्यंत निकामीच, साधारण ७ ते १० दिवस. वेदनेसाठी ३०० मिग्रॅच्या पुढे घेणाऱ्याला हा उपद्रव, जखमेचं रक्त लवकर थांबत नाही. हृदयाच्या रुग्णाला ७५ मिग्रॅ रोज देतात ती मात्र नेमकी याचसाठी. जठरातून रक्तस्राव होण्याची जोखीम दोघांनाही. म्हणून दात काढायचा असो की मोठी शस्त्रक्रिया, ही गोळी चालू आहे हे आधी सांगायचं. आपल्या मनाने बंद करायची नाही, कारण स्टेंट घातलेल्यात ती अचानक थांबवली तर गुठळी होऊ शकते.

दुसरं, ॲमिट्रिप्टिलिन. नसांच्या दुखण्यावर रात्री १० मिग्रॅने सुरू करतात. हिची झोप रात्री फायद्याची, सकाळी ठाणे-बेलापूर रस्त्यावर दुचाकी चालवताना घातक. तोंडाला कोरड पडते. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची लघवी अडू शकते, तेव्हा ते आधी विचारून घ्यायचं. आता यातली झोप कुठल्या रकान्यात लिहाल?

खारघरकर
मधुमेहाच्या एम्पाग्लिफ्लोझिनचं उदाहरण याहून बोलकं आहे. ती मूत्रपिंडाला साखर परत शोषू देत नाही, लघवीवाटे टाकते. २०१५च्या मोठ्या चाचणीत हृदयाला धोका नाही एवढंच दाखवायचं होतं. निघालं काय, तर हृदयविकाराचे मृत्यू ३८ टक्क्यांनी आणि हृदय निकामी होऊन भरती होणं ३५ टक्क्यांनी कमी. आंधळा मागतो एक डोळा. पुढे याच जातीची डापाग्लिफ्लोझिन मधुमेह नसलेल्या हृदयरुग्णांनाही द्यायला लागले.

पण साखर लघवीत उतरते म्हणूनच जननेंद्रियाला बुरशीचा संसर्ग होतो, खाज सुटते. आणि उपास, उलट्या, शस्त्रक्रिया अशा वेळी साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसतानाही रक्तात किटोन (चरबी जळताना तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) साचून आम्लता वाढू शकते. ग्लुकोमीटर बघून 'ठीक आहे' म्हणणारा तिथे फसतो. म्हणून ठरलेल्या शस्त्रक्रियेच्या साधारण तीन दिवस आधी डॉक्टर ती थांबवायला सांगतात.

अनुवादिनी (नौपाडा)
हे सगळं छान, पण शब्द? 'अनपेक्षित लाभ' चालेल का?

खारघरकर
सुरुवातीला अनपेक्षित होता. २०१५नंतर डॉक्टर त्याचसाठी गोळी लिहितात, मग अनपेक्षित कसला? शिवाय संमतिपत्रकात 'लाभ' शब्द जपून. रुग्णाला वाटतं, मला मिळणारच.

क्षयमित्र (ऐरोली)
तुमच्या दोन्ही रकान्यांत न बसणारी गोष्ट सांगतो. टीबीच्या रिफॅम्पिसिनने लघवी, घाम, डोळ्यांचं पाणी नारिंगी होतं. लेन्स लावणाऱ्याच्या लेन्सवर डाग पडतात. लाभ नाही, अपायही नाही. उलट गोळी पोटात जाते आहे याची खूण. पण आधी सांगितलं नाही तर माणूस 'लघवीतून रक्त जातंय' म्हणून घाबरून गोळ्या सोडतो. डोळे पिवळे, भूक मेलेली, उलट्या आणि लघवी गडद असेल तर मात्र यकृताची बाब, त्याच दिवशी दाखवायचं. रिफॅम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्याही निष्प्रभ होतात. हे वाक्य स्त्रियांच्या पत्रकात ठळक हवं. याला दुष्परिणाम म्हणा, घटना म्हणा, सांगितलं गेलं पाहिजे.

शब्दवेल्हाळ
खलबत्तासाहेबांचा 'मानवणे' मला आवडला. मूळ उघड आहे: मानव. माणसाला जे रुचतं ते मानवतं.

रामरगाडा
अहो, काहीतरीच! 'मला बघवत नाही', 'चालवत नाही' तसं 'मानवत नाही'. मान या धातूला शक्यतेचा 'व'. मानवाचा इथे काही संबंध नाही.

शब्दवेल्हाळ
'बघवत नाही'तला 'बघणे' मी करतो. 'हवा मानवली'त मानण्याची क्रिया कोण करतं? हवा?

रामरगाडा
'मला भाकरी खाववली नाही' यात भाकरी खाते का? हवेसारखीच तीही कर्माच्या जागी आहे. बसा विचार करत.

खारघरकर
मूळ पत्रकासाठी आणखी एक: 'सामान्य दुष्परिणाम' कृपया लिहू नका. रिपोर्ट 'सामान्य' आला म्हणजे नॉर्मल आला, त्यामुळे 'सामान्य' वाचून माणूस 'किरकोळ' समजतो. कॉमनला आकडाच द्या: '१०० पैकी १ ते १० जणांना'. व्हेरी कॉमन म्हणजे १० पैकी एक किंवा जास्त. रेअर म्हणजे १०,००० पैकी १ ते १०. रक्तदाबावरच्या रामिप्रिलचा कोरडा खोकला कॉमनमध्ये मोडतो. ठसका कफाच्या औषधाने जात नाही, गोळी बदलावी लागते, बहुधा टेल्मिसार्टनवर. बदलल्यावरही काही आठवडे रेंगाळतो.

रामरगाडा
रेअर म्हणजे 'क्वचित' की 'विरळा'? 'क्वचित' तर लोक 'मी क्वचित हॉटेलात जातो' असं म्हणतात, म्हणजे महिन्यातून दोनदा.

खारघरकर
म्हणूनच तर आकडा म्हटलं. आणि पत्रकात ॲलर्जीला 'वावडं'ही नको. मला वांग्याचं वावडं आहे म्हणजे मी वांगं खात नाही, एवढंच. 'पूर्वी एखादं औषध घेतल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ किंवा डोळे सुजले, धाप लागली असं झालं होतं का?' असं विचारा. औषधाचं काही बाधलं असा संशय असेल, तर राष्ट्रीय औषध-दक्षता कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा क्रमांक आहे. तिथे रुग्ण स्वतःही कळवू शकतो. पत्रकाच्या तळाला टाका.

खलबत्ता (वाशी)
'गांधी' हल्लीच्या पोरांना कळत नाही, 'पित्त उठलं' म्हणतात. त्यात निराळा घोळ आहे. 'पित्त झालंय, गोळी द्या' म्हणणाऱ्याला आधी विचारावं लागतं, अंगावरचं की पोटातलं? पहिल्याला सेटिरिझिन, दुसऱ्याला ॲसिडिटीची.

शब्दवेल्हाळ
अंगावरचं 'शीतपित्त'. आयुर्वेदात नाव आहेच.

खलबत्ता (वाशी)
उद्या दुकानात 'शीतपित्त की अम्लपित्त' विचारून बघतो. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल.